एल्रिक, एडवर्ड

हिरोमु आराकावा यांच्या ‘हागाने नो रेन्किनजुत्सुशी’ या जपानी चित्रकथेचा, व तिच्या आधारे ‘बोन्स’ या स्टुडिओने निर्माण केलेल्या दोन अ‍ॅनिमे मालिकांचा नायक. जपानबाहेर ही कृती ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या नावाने प्रसिद्ध आहे. मूळ चित्रकथा ‘मंथली शोनेन गांगान’ या मासिकातून २००१ ते २०१० पर्यंत क्रमशः प्रसिद्ध होऊन तिचे २७ खंड झाले. पहिली मालिका (५१ भाग, दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा) २००३-०४ मध्ये, म्हणजे मूळ कथा पुष्कळच अपुरी असताना प्रक्षेपित झाल्यामुळे तिला पुढची वाट स्वतःच काढावी लागली. ‘ब्रदरहुड’ या उपनामाची दुसरी (६४ भाग, दिग्दर्शक यासुहिरो इरिए) २००९-१० मध्ये मूळ कथेबरहुकूम झाली. दोहोंतही एडवर्डचा आवाज रोमी पार्क या अभिनेत्रीचा आहे. पुढील विवेचन मुख्यत्वे मूळ कथा व दुसरी मालिका यांना धरून केले आहे.

अद्भुतकथेतील कुमारनायकाची वाढ बहुधा त्याच्या सामर्थ्याच्या चढत्या भाजणीने मोजण्यात येते. प्रत्येक शत्रू मागच्याहून बलाढ्य आणि प्रत्येक विजयानंतर नायकाच्या भात्यात एक नवे अस्त्र, असा तिचा ठरीव क्रम असतो. एडवर्डला हे माप लावू गेल्यास हाती फारसे लागत नाही, कारण बाराव्या वर्षी त्याला जेवढी किमया अवगत असते, जवळजवळ तेवढीच ती सोळाव्या वर्षीही असते, आणि अखेरीस तीही त्याच्यापाशी उरत नाही. बदलत जातो तो आपले देणे कोणते व ते कोणाच्या खात्यातून फेडावयाचे याविषयीचा त्याचा निवाडा.

कथा घडते ती अमेस्ट्रिस या लष्करी अंमलाखालील कल्पित राज्यात, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या युरोपची आठवण करून देणाऱ्या काळात. तेथे किमया ही मंत्रविद्या नसून रीतसर शास्त्र आहे आणि समतुल्य विनिमय, म्हणजे काही मिळवावयाचे तर तितक्याच मोलाचे काही दिले पाहिजे, हा त्या शास्त्राचा मूलभूत नियम होय. रेझेम्बूल या खेड्यातील एडवर्ड व त्याचा एका वर्षाने धाकटा भाऊ अल्फॉन्स यांचा पिता व्हान होहेनहाइम घर सोडून गेलेला. माता त्रिशा साथीच्या आजारात दगावली, तेव्हा दोघेही अगदी लहान होते. पुढे इझुमी कर्टिस या गुरूने त्यांना केवळ एक सुरी देऊन महिनाभर एका निर्जन बेटावर सोडले, आणि खाणारा व खाल्ला जाणारा हे एकाच चक्राचे अवयव असल्याचा धडा त्यांच्या पोटात भुकेच्या वाटेने उतरविला. मुलांनी तो पाठ केला, पण मानला नाही. अकराव्या वर्षी एडवर्डने मृत मातेला परत आणण्याचा निषिद्ध प्रयोग मांडला. त्यासाठी जमविलेल्या जिनसा मालिकेत पुनःपुन्हा मोजून दाखविल्या जातात : पाणी ३५ लिटर, कर्ब २० किलो, अमोनिया ४ लिटर, चुना दीड किलो, फॉस्फरस ८०० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम, सोरा १०० ग्रॅम, गंधक ८० ग्रॅम, आणि असेच पुढे किरकोळ मूलद्रव्यांपर्यंत. वाण्याच्या दुकानातील यादीसारखी ही यादी वाचून दाखविताना, मुलाच्या खाऊच्या पैशांत सबंध माणूस विकत घेता येतो असे एडवर्ड पुढे एके ठिकाणी म्हणतो. त्या वाक्यातील कडवटपणा मागाहून आलेला आहे, पण प्रयोगाच्या रात्री त्याची समजूत खरोखरीच तशी होती. प्रयोग फसला, त्यात त्याचा डावा पाय गेला, अल्फॉन्सचे संपूर्ण शरीर गेले, आणि भावाचा आत्मा तरी एका रिकाम्या चिलखतात रक्तमुद्रेने बांधून ठेवता यावा म्हणून त्याने उजवा हात मोजून दिला.

या घटनेनंतर रॉय मस्टॅंग हा लष्करी किमयागार त्याला सरकारी चाकरीची वाट दाखवितो. तुटल्या अवयवांच्या जागी ऑटोमेल नावाचे पोलादी अवयव बसविल्यावर ते अंगवळणी पडावयास तीन वर्षे लागतात असे सांगितले असता तो एका वर्षात उठून उभा राहतो, आणि बाराव्या वर्षी राष्ट्राध्यक्ष ब्रॅडलीसमोर परीक्षा देऊन, त्या परीक्षेतच त्याच्यावर भाला रोखण्याचे औद्धत्य करून, मेजरच्या बरोबरीचा हुद्दा, संशोधनाचे दप्तर व ‘पोलादी’ हा किताब मिळवितो. हुद्द्याची खूण म्हणून मिळालेल्या चांदीच्या घड्याळाचे झाकण त्याने किमयेने सांधून टाकलेले असते. पोलादी अवयवांची कारागीर व बालमैत्रीण विन्री रॉकबेल ते एकदा उघडते, तेव्हा आतल्या बाजूस तिला एक तारीख कोरलेली दिसते : ३ ऑक्टोबर १९११, म्हणजे परत फिरण्यास जागा राहू नये म्हणून भावांनी स्वतःचे घर जाळले तो दिवस.

स्वभावाने एडवर्ड तापट, बढाईखोर व हिशेबी आहे. उंचीचा नुसता उल्लेख झाला तरी तो पिसाळतो; दुधाला तो शिवत नाही. आराकावा यांचा जन्म १९७३ साली होक्काइडोतील तोकाची प्रांती दुग्धव्यवसायी शेतकरी कुटुंबात झाला, शाळा संपल्यावर सात वर्षे त्या घरच्या शेतीवर राबल्या, व स्वतःचे चित्र काढताना त्या चष्मा लावलेली गाय काढतात. हे ध्यानी घेतले म्हणजे नायकाचा हा दुग्धद्वेष ही लेखिकेने स्वतःचीच केलेली थट्टा असावी असे वाटते. मात्र या विनोदाच्या तळाशीही कथेने एक तर्क पेरून ठेवला आहे : आपले व भावाचे प्राण कोठेतरी एकमेकांत गुंतले असून आपण दोघांच्या वाट्याचे खातो आणि झोपतो, म्हणूनच आपली वाढ खुंटली, असा एडवर्डचाच कयास आहे.

त्याचा हिशेबीपणा किती लवचिक असू शकतो याचे उत्तम उदाहरण मूळ कथेत व पहिल्या मालिकेत येणाऱ्या यूसवेल या खाणगावच्या प्रकरणात सापडते. तेथील लाचखाऊ अंमलदार योकी मजुरांना नागवीत असतो. एडवर्ड टाकाऊ दगडमातीचे सोने करतो, जे कायद्याने निषिद्ध आहे. त्या सोन्याच्या मोबदल्यात खाणीचे खरेदीखत आपल्या नावे करून घेतो, आणि एका रात्रीच्या जेवणखाण व मुक्कामाच्या किमतीत ते खत मजुरांना देऊन टाकतो. मग सोन्याची पुन्हा माती होते. समतुल्यतेचा नियम येथे अक्षरशः पाळला जातो, आणि तरीही कोणाला काय पोचावयाचे हे नियम ठरवीत नाही, एडवर्ड ठरवितो. पंधरा वर्षांच्या पोराला हा खेळ जमल्याचा आनंद लपत नाही.

हा आनंद मोडतो तो शो टकर या सरकारी किमयागाराच्या घरी. सरकारी सनद मिळविण्यासाठी टकरने दोन वर्षांपूर्वी पत्नीचा व आता ती टिकविण्यासाठी नीना या चिमुरड्या मुलीचा कुत्र्याशी संकर करून बोलणारा प्राणी घडविलेला असतो. सनद केव्हा मिळाली आणि पत्नी केव्हा निघून गेली, हे दोन प्रश्न एडवर्ड विचारतो, आणि दोहोंचे उत्तर एकच निघते. त्यानंतर तो टकरला मारीत सुटतो, कारण शक्य झाले म्हणून करून पाहिले या बाबतीत तू व मी सारखेच, हा टकरचा टोमणा त्याला खोडता येत नाही. नीनाला तो वाचवू शकत नाही. हे अपयश पुढे कोणत्याही विजयाने भरून काढलेले नाही, हा लेखिकेचा कठोरपणा दाद देण्याजोगा आहे.

भावाचे शरीर परत मिळविण्याचा उपाय म्हणून तो परीस शोधीत असतो, कारण समतुल्य विनिमयाचा नियम परिसापुढे चालत नाही अशी ख्याती आहे. डॉक्टर मार्को यांचे परिसावरील संशोधन पाककृतींच्या पुस्तकाच्या मिषाने लिहिलेले असून मूळ प्रत ग्रंथालयाच्या आगीत जळालेली असते. शेस्का या पुस्तकवेड्या मुलीने ते केवळ स्मरणावरून लिहून दिले व भावांनी ती गुप्तलिपी सोडविली, तेव्हा परिसाचा कच्चा माल म्हणजे जिवंत माणसे, असे निष्पन्न झाले. दुसऱ्यांच्या प्राणांनी आपले देणे फेडावयाचे नाही असा निर्धार भाऊ करतात, आणि कथेची सोपी वाट येथेच बंद होते.

माझ्या मते एडवर्डच्या चरित्रातील खरा वळणबिंदू कोणत्याही युद्धात नाही. तो एका उकरलेल्या खड्ड्यापाशी आहे. प्रयोगाच्या रात्री जे विद्रूप शरीर निर्माण होऊन लगेच मेले, ते त्याच्या आईचेच होते काय, अशी शंका परतलेल्या पित्याच्या बोलण्यावरून निर्माण झाल्यावर तो विन्रीची आजी पिनाको हिला बरोबर घेऊन पावसात, जळक्या घराच्या आवारात, पुरलेली हाडे बाहेर काढतो. मध्येच त्याला ओकारी येते. म्हातारी थांबावयास सांगते. तो थांबत नाही. त्रिशाचे केस तांबूस होते, हाती आलेले काळे निघतात. मांडीचे हाड तिच्या उंचीशी जुळत नाही. ते शरीर आईचे नव्हते. ज्या अपराधाच्या भाराखाली हे मूल चार वर्षे वाकले होते तो, म्हणजे आईला दुसऱ्यांदा मारल्याचा अपराध, घडलाच नव्हता, आणि त्याच क्षणी आई कधीही परत येणार नाही हेही कायमचे सिद्ध झाले. या दोन निष्कर्षांपैकी एकाने सुटका व दुसऱ्याने शोक व्हावयास हवा, पण एडवर्ड हसतो, कारण भावाचा आत्मा ज्या अर्थी परत आणता आला त्या अर्थी अल्फॉन्स मेलेला नव्हता व त्याचे शरीर कोठेतरी शिल्लक आहे, हा तिसरा निष्कर्ष त्याने तेथेच काढलेला असतो. त्याच्या शोधाला यानंतर शास्त्रीय आधार मिळतो. तोवर तो निव्वळ प्रायश्चित्त होता.

त्यानंतरचे प्रसंग थोडक्यात सांगता येतात. विन्रीच्या डॉक्टर आईबापांची हत्या करणारा, अमेस्ट्रिसच्या लष्कराने संहारलेल्या इश्वालचा सूडकरी स्कार समोर असताना ती पिस्तूल उचलते, तेव्हा तिच्या हातून ते सोडविताना हे हात माणसे जगविण्यासाठी आहेत याची आठवण तो तिला देतो. उत्तरेच्या खाण-वस्तीत पोटातून गज आरपार गेल्यावर तो स्वतःचाच आत्मा परीस समजून त्यातील काही आयुष्य खर्च करतो, म्हणजे परक्यांच्या प्राणांस नकार देणारा मुलगा स्वतःच्या प्राणांचा व्यवहार मात्र बेधडक करतो. अंतिम संग्रामात अल्फॉन्स आपला आत्मा देऊन त्याचा उजवा हात परत आणतो. होहेनहाइम आपले उरलेले प्राण अल्फॉन्ससाठी देऊ करतो, तेव्हा शिव्या घालीत का होईना पण एडवर्ड त्याला प्रथमच बाप म्हणून हाक मारतो व ते दान नाकारतो. शेवटी सत्याच्या द्वारापुढे तो भावाच्या बदल्यात ते द्वारच, म्हणजे आपली सारी किमयाविद्या, देऊन टाकतो. डावा पाय पोलादीच राहतो. पुढे रेल्वे स्थानकावर विन्रीला मागणी घालतानाही त्याच्या तोंडून समतुल्य विनिमयाचीच भाषा निघते, आणि ती हिशेबाला हसून हिस्सा वाढवून देते.

या व्यक्तिरेखेवर एक आक्षेप घेता येण्यासारखा आहे. माणूस मारावयाचा नाही हा एडवर्डचा नेम शेवटपर्यंत टिकतो खरा. परंतु तो टिकावा म्हणून हत्येचे पातक मस्टॅंग, त्याची सहकारी हॉकाय व स्कार यांच्या हिशेबी टाकण्याची सोय कथानकाने केलेली आहे. इश्वालच्या वंशसंहारात सनदी किमयागारांनी काय केले हे हॉकाय त्याला सांगते तेव्हा तो ऐकतो आणि हादरतो, पण ते कर्म त्याचे नाही. होक्काइडोतील आयनू लोकांच्या भूमीवर वसाहती वसवून त्यांना दडपल्याचा इतिहास आराकावा यांच्यासमोर होता, हे जाणणाऱ्यास इश्वालचे प्रकरण नायकाच्या दारापर्यंत येऊन बाहेरच थांबल्यासारखे वाटेल. उलटपक्षी, ग्लटनी या राक्षसाच्या उदरातून सुटण्यासाठी झर्क्सेस या लयाला गेलेल्या राज्याच्या मृत प्रजाजनांचे आत्मे वापरताना तो त्यांची क्षमा मागतो, यात नेमाला बसलेला तडा लेखिकेने दडविलेला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

पहिल्या मालिकेतील एडवर्ड यापेक्षा अधिक उदास आहे. तेथे समतुल्य विनिमय हा नियमच खोटा असल्याचे त्याला शत्रूकडून ऐकावे लागते, आणि भावासाठी स्वतःला दिल्यावर तो किमयेचे नाव नसलेल्या आपल्या जगात, जर्मनीतील म्युनिक येथे येऊन पडतो. अल्फॉन्स दहा वर्षांचा होऊन परत येतो, पण मधल्या प्रवासाच्या सर्व आठवणी गमावून. २००५ च्या ‘काँकरर ऑफ शंबाला’ या चित्रपटात हे कथासूत्र १९२३ च्या म्युनिकमधील नाझी उठावाशी जोडले आहे. पुष्कळ रसिक या एडवर्डला अधिक प्रौढ मानतात. तथापि त्याच्यावर जे येते ते बहुतेक बाहेरून कोसळते, आणि म्हणून त्याच्या दुःखाचे वजन अधिक असले तरी निवाड्याचे कमी आहे.

आराकावा यांनी २०११ पासून लिहिलेल्या ‘गिन नो साजी’ या होक्काइडोतील कृषिविद्यालयाच्या कथेत किमया नाही. तिचा नायक हाचिकेन आपण नाव ठेवून वाढविलेल्या डुकराची कत्तल झाल्यावर त्याचे सारे मांस स्वतःच्या कमाईने विकत घेतो.