बिडाची पन्हळ

पागोळ्या पडतात तिथे जमिनीला चर पडतो, उडालेल्या चिखलाने भिंतीचा तळ भिजतो आणि भिंत मातीची असली तर तिचे पोपडे सुटतात. हे तुम्हांला मी सांगायला नकोच. छपरावरचे पाणी भिंतीपासून लांब कसे न्यायचे, ही चिंता घराइतकीच जुनी आहे. इंग्लंडात पाऊस आपल्यासारखा चार महिने कोसळत नाही, वर्षभर पिरपिरत असतो. त्यामुळे तिथल्या लोकांनी या चिंतेवर बराच खर्च केला.

जुन्या काळी तिथे दगडाची तोटी भिंतीबाहेर काढून पाणी लांब फेकीत. आपल्या देवळातल्या गोमुखासारखीच युक्ती म्हणा ना! पण वारा सुटला की तेच पाणी फिरून भिंतीवर. १२४० साली तिसऱ्या हेन्री राजाने लंडनच्या टॉवरमधल्या मोठ्या बुरुजाला सफेदी दिली होती. वरून पडणाऱ्या पाण्याने ती खराब होऊ नये म्हणून शिशाचे नळ थेट जमिनीपर्यंत उतरवा, असा त्याने हुकूम सोडला. या बुरुजाला आजही ‘व्हाइट टॉवर’ म्हणतात.

शिसे मात्र महाग. राजवाडे, चर्च, बड्या जमीनदारांचे वाडे, एवढ्यांनाच ते परवडे. १७२४ च्या बांधकाम-कायद्याने लंडनमध्ये छपराचे पाणी नळाने खाली आणण्याची सक्ती केली; पण गरिबाने एवढे शिसे आणायचे कुठून?

त्याचे उत्तर भट्टीतून आले. १७०९ साली कोलब्रुकडेल इथे एब्राहम डार्बी याने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक वापरून खनिजातून लोखंड गाळले. ही रीत पसरायला काही दशके गेली, पण मग ओतीव लोखंड स्वस्त झाले. ओतीव लोखंड म्हणजे आपलं बीड. तुमच्या घरच्या बिडाच्या तव्याची जात. लाकडाचा नमुना करायचा, वाळूत त्याचा साचा उठवायचा, पोकळीसाठी मधे गाभा ठेवायचा, वर रस ओतायचा. एका नमुन्यावरून हजारो नळ निघतात, आणि भिंतीला ठोकायचे कानही नळाबरोबरच ओतले जातात. एकोणिसाव्या शतकात गिरणी-कामगारांच्या घरांनाही बिडाच्या पन्हळी आल्या. हौसही आली. नळाच्या माथ्यावरच्या पेटीवर सिंहाची तोंडे, वेलबुट्टी, इमारतीचे साल. १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी पॅक्स्टनने काचेचा जो ‘क्रिस्टल पॅलेस’ उभारला, त्यात तर बिडाचे खांबच पोकळ होते, आणि छपराचे पाणी त्यांतून खाली उतरे.

आता बिडाचे दुखणे सांगतो. बीड हळू गंजते, म्हणून शंभर-दीडशे वर्षांचे नळ आजही कामावर आहेत. पण ते ठिसूळ. पाला अडकून नळ तुंबला आणि थंडीत आतल्या पाण्याचा बर्फ झाला, की नळ उभा तडकतो. त्याहून वाईट म्हणजे नळाची पाठ. नळ भिंतीला चिकटवून बसवला, तर मागे रंगाचा ब्रश पोचत नाही. पुढून काळा कुळकुळीत, मागून सडलेला! मग भिंत राखायला लावलेला नळच पाण्याची धार भिंतीत सोडतो, आणि आतली तुळई कुजेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. म्हणून जाणते कारागीर नळ आणि भिंत यांत बोटभर अंतर ठेवतात. उभ्या नळाचे सांधेही मुद्दाम पक्के बुजवत नाहीत. तुंबारा असेल तर त्याच्या वरच्याच सांध्यातून पाणी उसळते, आणि दुखणे कुठे आहे ते कळते. मला तर ही युक्ती सगळ्या सिंहमुखांहून मोलाची वाटते.

१८७७ साली विल्यम मॉरिसने जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हा जीर्णोद्धाराच्या नावाखाली होणाऱ्या मोडतोडीपेक्षा रोजची निगा राखा, हेच त्याचे सांगणे होते. पन्हळीतला पाला काढणे ही त्यातली पहिली निगा. पण शिडी लावून पाला काढणाऱ्याचे नाव कोनशिलेवर कोण कोरतो?

मुंबईला गेलात तर जुन्या चाळींची मागची भिंत जरूर पाहा. बिडाचे उभे नळ दिसतील. एखाद्या नळामागे हिरवट ओला पट्टा असेल, सांध्याजवळ पिंपळाचे रोप असेल. रोप उपटले, तरी मूळ भिंतीतच राहते आणि पुढल्या पावसात पुन्हा फुटते. आधी नळ दुरुस्त करायचा, मग मुळाच्या मागे लागायचे.