खरडणे : एका क्रियापदाची बखर

इंग्रजीत ‘स्क्रॅबल’ असे एक क्रियापद आहे. नखांनी वा पंजांनी, जिवाच्या आकांताने, काही हाती लागेल या आशेने ओरबाडणे हा त्याचा अर्थ. डचांकडून आलेला हा शब्द १६११ च्या इंग्रजी बायबलात वेड्याचे सोंग घेऊन वेशीच्या दारांवर रेघोट्या ओढणाऱ्या दाविदासाठी योजला गेला, आणि १९४८ साली तर अक्षरे जुळवून शब्द करण्याच्या एका खेळाला त्याचेच नाव मिळाले. नखांचा शब्द अक्षरांपर्यंत कसा पोहोचला, याचे नवल मराठी माणसास वाटण्याचे कारण नाही. आपल्या ‘खरडणे’ या क्रियापदानेही हाच प्रवास केलेला आहे.

दुधाच्या पातेल्याच्या बुडाशी धरलेली, उलथन्याने सोडवून मुलांच्या हातावर ठेवावयाची ती खरवड. वरिष्ठाने कनिष्ठाची काढावयाची ती खरडपट्टी. पुराने सुपीक थर वाहून नेला की तलाठ्याच्या पंचनाम्यात जी ‘खरडून गेली’ असे नमूद होते ती जमीन. आणि कारकुनाच्या नशिबी आलेली ती खर्डेघाशी. या साऱ्यांत काहीतरी झिजते, सुटते वा उकरले जाते. मसुद्याला आपण ‘खर्डा’ म्हणतो तेही याच नात्याने. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या ‘मसुदा’ शब्दाच्या मुळाशी काळे करणे आहे, तर ‘खर्ड्या’च्या मुळाशी ओरखडणे. एकाच कागदाकडे पाहताना एका भाषेला शाई दिसली, दुसरीला लेखणीचे टोक.

वाघोलीस गेल्यावर या नात्याचा अर्थ अधिक उमगतो. सरदार पिलाजी जाधवराव यांच्या नावाशी निगडित असलेले वाघेश्वराचे मंदिर, जाधवरावांच्या समाध्या, आणि नगर रस्त्याच्या अंगाने काळ्या पाषाणाच्या खाणी, असे हे गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. अशाच दगडाचा पाटा वापराने गुळगुळीत झाला की मिरची वरवंट्याखालून निसटू लागते. मग पाथरवट त्यावर टाकी धरून हातोडीचे बारीक ठोके देतो आणि खळगे पुन्हा उठवितो. खरवडल्यावाचून दगड कामाचा होत नाही. संस्कृतातील ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थही ओरखडणे हाच, आणि म्हणून टाकी व लेखणी या दोघी एकाच कुळातल्या ठरतात.

पेशवाईतील कारकून जेव्हा मांडी घालून, चाकूने तासलेला बोरू दौतीत बुडवून, प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढीत असे, आणि मग तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता मोडी अक्षरे लोंबवीत जात असे, तेव्हा निघणारी करकर ही ‘खरडणे’ या शब्दाची जणू मूळ ध्वनिमुद्रा होय. त्याच्या हातून उतरलेल्या रोजकीर्दी, ताळेबंद, सनदा आणि हुकूम कापडी रुमालांत बांधले गेले. त्या राशीतून निवड करून रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तराचे ४५ खंड प्रसिद्ध केले. तलवारीचे पराक्रम बखरकारांनी वर्णिले खरे, परंतु दाणागोटा किती लागला, कोणाचा पगार थकला आणि कोणत्या गावाला सूट दिली, हे सांगतो तो खर्डेघाशा कारकून, ज्याच्या धंद्यालाच आपण उपहासाचा शब्द करून टाकले.

ज्या वाचकांच्या माळ्यावर अथवा जुन्या पेटीत आजोबा-पणजोबांचे असे मोडी कागद पडून असतील, त्यांना इतकेच सांगणे आहे की, ‘काहीतरी खरडलेले आहे’ म्हणून ते रद्दीत घालण्यापूर्वी एकवार मोडी जाणणाऱ्यास दाखवावेत.