पलटवाराची कुळकथा

पाळीपाळीने खेळायच्या लढाईत एक अडचण असतेच. एकाची पाळी चालू असताना बाकीचे हात बांधून बसतात आणि शत्रू नाकासमोरून बिनदिक्कत निघून जातो. पलटवाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतच उलट वार करण्याचा, नियम जन्मला तो या अडचणीतून.

१९७१ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक आले. त्यातल्या द्वंद्वात वार अडवण्याची सोय होती. पण अडवल्यावर उलटा वार मिळणार की नाही, हे दोघांच्या हत्यारांवर ठरे. याच घराण्यात १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ जन्मला. १९७८च्या 'रूनक्वेस्ट' या खेळाने वार अडवणाऱ्यालाही स्वतःचा फासा दिला. त्याचे मुख्य रचनाकार स्टीव्ह पेरिन स्वतः मध्ययुगीन पद्धतीची लुटुपुटीची द्वंद्वे खेळलेले होते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'ने झुंज सोडून पळणाऱ्यावर शत्रूला फुकटचा वार दिला. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला मुख्य नियमांत मानाचे पान मिळाले. पण शत्रूच्या टप्प्यात मंत्र म्हटला, बाण सोडला, औषधाची कुपी प्यायली, तरी वार ओढवायचा. प्रत्येक हालचालीला नियमपुस्तक उघडावे लागे.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीने हा पसारा आवरला. समजा, एक गॉब्लिन तलवारबाजाच्या टप्प्यातून बाहेर पडतोय. तो टप्पा ओलांडण्याच्या ऐन आधी त्याची चाल थांबते आणि तलवारबाज फासा टाकतो. गॉब्लिन मेला तर जागीच पडतो. वाचला तर उरलेली चाल पूर्ण करतो. मात्र तलवारबाजाची प्रतिक्रिया, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत करायची एकुलती कृती, आता खर्ची पडली. त्याची पुढची पाळी येईपर्यंत दुसरा गॉब्लिन खुशाल निसटू शकतो. शत्रूचा वार हुकल्यावर उलट वार करण्याचे कसब 'बॅटल मास्टर' योद्ध्याला शिकता येते. तेही हीच प्रतिक्रिया खाते. म्हणून ती कशावर खर्चायची, याचा विचार करावा लागतो आणि पलटवारावर पलटवार अशी न संपणारी साखळी लागत नाही.

'पाथफाइंडर' या तशाच खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत पलटवाराचा हक्क पहिल्या पातळीपासून लढवय्याला मिळतो, सरसकट सगळ्यांना नाही. त्यामुळे पटावरची हालचाल मोकळी झाली.

स्वतःचे नियम रचणाऱ्यांनी तीन गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात: पलटवार कशामुळे ओढवतो, तो त्या कृतीच्या आधी होतो की नंतर, आणि एका फेरीत किती वेळा करता येतो. एवढे ठरले की ऐन लढाईत वाद होत नाहीत.