अन्ननलिका-जोडणी : टाक्यांच्या पद्धती

जन्मतः खंडित असलेल्या, इजेने फाटलेल्या किंवा कर्करोगामुळे काही भाग काढलेल्या अन्ननलिकेचा मार्ग टाके घालून पुन्हा सलग करण्याची शस्त्रक्रिया. आतडे जोडण्यापेक्षा हे काम अवघड आहे. अन्ननलिकेच्या बहुतेक भागावर बाहेरचे लसीपटल नसते, उभे स्नायू धाग्याने चिरतात, आणि टाका पेलतो तो मुख्यतः अधःश्लेष्मल थर. श्लेष्मल अस्तर कापताच मागे सरकते. ते टाक्यात आले नाही तर सांधा बाहेरून नेटका दिसतो आणि आतून उघडा राहतो. म्हणून पद्धतींची तुलना टाक्यांच्या पदरांवरून न करता अस्तर पकडले का, ताण किती आहे आणि कडांना रक्त पोचते का, यांवरून करावी लागते.

जन्मजात खंडितता सुमारे २,५०० ते ४,५०० जन्मांमागे एका बालकात आढळते. कॅमेरॉन हाइट यांनी १९४१ मध्ये अमेरिकेत मिशिगन येथे अशा बालिकेची अन्ननलिका एकाच शस्त्रक्रियेत जोडली. सांधा गळला, पण आपोआप भरला; पुढे आलेला अरुंदपणा ताणून रुंद करावा लागला. नंतर हाइट यांनी एका टोकावर दुसऱ्याचा स्नायूथर चढवणारी दुपदरी पद्धत वापरली. तिने गळती घटते, असे तिचे समर्थक म्हणतात, आणि जुन्या नोंदींत त्याला काही आधारही आहे. मात्र त्याच नोंदींत अरुंदपणा वाढलेला दिसतो, कारण दुमडलेली ऊती तोंडाशी कडे तयार करते. शिवाय वेगवेगळ्या दशकांतील रुग्णांची तुलना करताना भूल, प्रतिजैविके आणि नवजात-शुश्रूषेतील सुधारणांचे श्रेय टाक्याला जाण्याचा धोका असतो. नवजातात आज सर्व थर घेणारे, विरघळणाऱ्या धाग्याचे, एकपदरी सुटे टाके रूढ आहेत. सलग टाका लवकर होतो. पण ओढ असमान पडली तर घेर आवळतो, आणि नवजाताच्या बारीक नळीत ते परवडत नाही.

स्टेपलर : प्रौढांत वापरतात. वर्तुळाकार स्टेपलरने गळती हाताच्या टाक्यांइतकीच, अरुंदपणा मात्र अधिक आढळतो; रेषीय स्टेपलरने तो कमी होतो.

दुर्बिणीतून टाके : १९९९ पासून अर्भकांतही.

तांत्रिक तुलनेत रुग्णाचे गाव सहसा येत नाही. ते यायला हवे. माकणी (ता. लोहारा, जि. धाराशिव) या निम्न तेरणा धरणाच्या गावातून अशा बाळाला उपचारासाठी लातूर, सोलापूर किंवा थेट पुणे-मुंबई गाठावी लागते. गळती रुग्णालयातच उघडकीस येते. अरुंदपणा घरी गेल्यावर, दूध अडकू लागल्यावर कळतो, आणि फुग्याने नळी रुंद करण्यासाठी पुन्हा पुन्हा फेऱ्या पडतात. जीवघेणी गळती आधी टाळायची, हा आक्षेप रास्त आहे. पण तिच्यावरचा इलाज जादा पदर नव्हे, ताण कमी करणे हा आहे. टोके ताणाविना जुळत असतील तर एकपदरी सुटा टाका श्रेयस्कर. जुळत नसतील तर कोणताही टाका भरवशाचा नाही.