लार्पमधील ‘एनपीसी’ : हरण्यासाठी मैदानात उतरणारे स्वयंसेवक

मुलांच्या पकडापकडीत ज्याच्यावर राज्य येते, त्याच्या वाट्याला मौज कमी आणि धावाधाव अधिक येते. आपल्यावर राज्य यावे असे कोणालाच वाटत नाही. म्हणून तर आधी हात उताणे-पालथे करून ‘सुटायचे’ आणि शेवटी जो उरेल त्याच्या गळ्यात राज्य घालायचे. मात्र राज्य कोणी घेतलेच नाही तर खेळ सुरूच होत नाही, हेही तितकेच खरे. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका आदी देशांत प्रौढ माणसे खेळतात अशा एका खेळात हे राज्य शेकडो लोक आपणहून मागून घेतात आणि अनेकदा त्यासाठी पदरचे पैसेही खर्च करतात. या खेळाचे नाव ‘लाइव्ह अ‍ॅक्शन रोलप्लेइंग’, संक्षेपाने ‘लार्प’. आणि त्यात असे राज्य घेणाऱ्याला ‘नॉन-प्लेअर कॅरेक्टर’ किंवा ‘एनपीसी’ म्हणतात.

लार्प हे नाटक नव्हे. त्यात प्रेक्षक नसतात, लिहिलेले संवाद नसतात आणि शेवट काय होणार हेही ठरलेले नसते. खेळाडू एखादे पात्र स्वतः घडवतो, त्याला साजेसा वेश करतो आणि एका दिवसापासून तीन-चार दिवसांपर्यंत एखाद्या रानात, गढीत किंवा तंबूंच्या छावणीत त्या पात्राचे आयुष्य जगतो. कोणी सरदार होतो, कोणी वैदू, कोणी भुरटा चोर. पण या काल्पनिक जगात वाट अडवणारे दरोडेखोर, कर मागणारा अंमलदार, हरवलेल्या मुलाचा शोध घेणारी आई आणि गुहेतला राक्षसही हवा. ही सारी माणसे आयोजकांच्या वतीने जो उभी करतो तो एनपीसी. नावात ‘खेळाडू नसलेला’ असे म्हटले असले तरी ते फसवेच आहे. एनपीसीही खेळतोच, फक्त त्याचे पात्र त्याच्या मालकीचे नसते.

हा शब्द आला तो बैठ्या खेळातून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि त्यातून रोलप्लेइंगची आधुनिक परंपरा सुरू झाली. या खेळात टेबलाभोवती बसलेल्या खेळाडूंपैकी प्रत्येकाचे एकेक पात्र असते आणि उरलेल्या सगळ्या जगाची जबाबदारी एकटा सूत्रधार वाहतो. ‘झाडीतून सहा दरोडेखोर बाहेर आले’ एवढे वाक्य त्याने उच्चारले की दरोडेखोर हजर होतात. हाच खेळ टेबलावरून उठून रानात गेला तेव्हा मात्र वाक्य पुरेनासे झाले. तेथे सहा दरोडेखोर हवे असतील तर सहा जिवंत माणसे लागतात आणि त्यांना भूक लागते, थंडी वाजते, पाय दुखतात. लार्पमधील स्वयंसेवेचा सगळा प्रश्न या साध्या हिशेबातून उद्भवलेला आहे.

इंग्लंडमधील चेशायर परगण्यात पेकफर्टन नावाचा किल्ला आहे. तो खराखुरा मध्ययुगीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जुन्या धाटणीने बांधलेला आहे. १९८२ मध्ये तेथे ‘ट्रेझर ट्रॅप’ या नावाने ब्रिटनमधील पहिला व्यावसायिक लार्प सुरू झाला. किल्ल्यातील हा उपक्रम काही वर्षांतच बंद पडला, तथापि त्याची शाखा म्हणून निघालेले डरहॅम विद्यापीठातील विद्यार्थी मंडळ आजही ते नाव चालवीत आहे. ब्रिटनमध्ये एनपीसीला सरसकट ‘मॉन्स्टर’ आणि त्याच्या कामाला ‘मॉन्स्टरिंग’ म्हणतात. वृद्ध धर्मोपदेशकाची भूमिका करणाराही या परिभाषेत मॉन्स्टरच.

काम नेमके काय?

लहान ब्रिटिश मंडळांचा नेहमीचा प्रकार पाहिला तर या कामाचे स्वरूप चटकन ध्यानात येते. सात-आठ खेळाडूंची तुकडी एका पायवाटेने निघते. साधारण तेवढीच मॉन्स्टर मंडळी त्यांच्या पुढे धावत असतात. पहिल्या वळणावर हे लोक दरोडेखोर म्हणून उभे राहतात, मार खाऊन पडतात, तुकडी पुढे गेली की उठतात, झाडीतून आडवाटेने पळत तिच्याही पुढे पोहोचतात आणि मुखवटे बदलून पुढच्या वळणावर भुते म्हणून उभे राहतात. एका दुपारी दहा-पंधरा वेळा मरणे यात काही नवल नाही.

प्रत्येक प्रसंगापूर्वी सूत्रधार मॉन्स्टरांना गोळा करून थोडक्यात सूचना देतो. किती घाव लागल्यावर पडायचे, कोणते विशेष सामर्थ्य आहे, पळायचे की शेवटपर्यंत लढायचे, आणि मुख्य म्हणजे हा प्रसंग कशासाठी आहे. शेवटची गोष्ट अननुभवी सूत्रधार बहुधा विसरतात. ‘तुम्ही चार सैनिक आहात’ एवढेच सांगितले तर स्वयंसेवक आपल्या परीने शौर्याने लढतो आणि खेळाडूंना जी चिठ्ठी मिळायला हवी होती ती खिशात घेऊन मरतो. मग सूत्रधाराला कोणाच्या तरी तोंडून तोच निरोप दुसऱ्या मार्गाने पोहोचवावा लागतो.

शस्त्रे अर्थातच लुटुपुटीची. काचतंतूच्या किंवा कार्बनच्या दांडीभोवती फोम आणि त्यावर लेटेक्सचा थर अशी त्यांची घडण असते. अमेरिकेत प्लॅस्टिकच्या नळीला फोम गुंडाळून वर चिकटपट्टी लावलेल्या घरगुती तलवारीही पुष्कळ वापरल्या जातात. तरीही हात राखूनच मारायचे आणि डोक्यावर-चेहऱ्यावर वार करायचा नाही, हा जवळपास सार्वत्रिक नियम आहे. मुखवट्यातून नीट दिसत नाही, लेटेक्सच्या आत घाम साचतो आणि समोरून एकाच वेळी पाच जण येत असतात. अशा अवस्थेत हात राखण्याची जबाबदारी एनपीसीवर अधिक पडते. कोणाला खरीच दुखापत झाली तर अमेरिकेत ‘होल्ड’ आणि ब्रिटनमध्ये बहुधा ‘मॅन डाउन’ अशी आरोळी दिली जाते आणि परिसरातील खेळ जागच्या जागी थांबतो.

चांगला एनपीसी कोणाला म्हणावे, याविषयी अनुभवी मंडळींचे मत साधारण एकच असते. लागलेला घाव जो प्रामाणिकपणे मोजतो आणि समोरच्याला तो लागल्याचे समाधान मिळेल अशा रीतीने कोसळतो, तो चांगला. उत्तम तलवार चालवता येणे हा येथे दुय्यम गुण, क्वचित दोषही. ज्याला हरणे सहन होत नाही असा तरबेज लढवय्या राक्षस झाला की समोरच्या नवशिक्यांचा दिवस वाया गेलाच म्हणून समजावे. पण जाणूनबुजून ढिलेपणाने हरणेही उपयोगाचे नाही, कारण फुकट मिळालेला विजय खेळाडूला लगेच ओळखू येतो. समोरच्याला भीती वाटली पाहिजे, त्याचा जीव टांगणीला लागला पाहिजे आणि मग तो जिंकला पाहिजे. हा तोल सांभाळणे सोपे नाही. त्याबद्दल टाळ्या मिळत नाहीत, कारण टाळ्या वाजवायला प्रेक्षकच नसतात.

राज्य वाटून घेण्याच्या पद्धती

एवढी माणसे आणायची कोठून, या प्रश्नाला वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी उत्तरे शोधली. लहान मंडळांत पाळी असते. या वेळी खेळलात तर पुढच्या वेळी मॉन्स्टर व्हा. अमेरिकेतील शनिवार-रविवारच्या शिबिरांत पुष्कळ ठिकाणी प्रत्येक खेळाडूने काही तास एनपीसी म्हणून काम करावे असा नियम असतो. १९८० च्या दशकात न्यू इंग्लंड भागात उदयाला आलेल्या ‘नीरो’ या संस्थेत अशा श्रमांबद्दल ‘गॉब्लिन पॉइंट’ मिळत आणि त्यांच्या बदल्यात स्वतःच्या पात्राला फायदे घेता येत. म्हणजे एका परीने श्रमांची हुंडीच.

जर्मनीत एनपीसीला ‘एनएससी’ म्हणतात आणि त्याला सहसा खेळाडूपेक्षा कमी शुल्क पडते. कमी, पण पडते. आपण काम करायला जातो आणि वर पैसेही भरतो, हे आपल्याकडच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. तंबूची जागा, अन्न, रंगभूषेचे साहित्य यांचा तो अंशतः वाटा असतो. जर्मन परिभाषेत आणखी एक उपयुक्त भेद आहे. संपूर्ण खेळभर एकच भूमिका करणारा तो ‘फेस्ट-एनएससी’ आणि प्रसंगानुसार या भूमिकेतून त्या भूमिकेत उड्या मारणारा तो ‘श्प्रिंगर’. लोअर सॅक्सनीतील ब्रोकेलो या छोट्या गावी २००४ पासून ‘कॉन्क्वेस्ट ऑफ मिथोडिया’ हा हजारो माणसांचा उत्सव भरत आला आहे. त्याच्या कथेतील शत्रूंना ‘काळे बर्फ’, ‘जिवंत प्रेतमांस’ अशा अर्थाची नावे आहेत. या शत्रूंच्या सैन्यात वर्षानुवर्षे त्याच बाजूने येणारे लोक आहेत. हरणाऱ्या पक्षाशीही अशी निष्ठा जडते, हे या छंदातील मोठे कुतूहलाचे दृश्य आहे.

सर्वांत सुटसुटीत तोड मात्र ब्रिटनमधील ‘एम्पायर’ या खेळाने काढली असे वाटते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या खेळात अनेक काल्पनिक राष्ट्रांचे मिळून एक साम्राज्य आहे आणि त्याच्या सीमेवर ऑर्क जमातींशी युद्धे होतात. मोठ्या लढाया शनिवारी आणि रविवारी होतात. शनिवारी निम्मी राष्ट्रे साम्राज्याच्या बाजूने लढतात आणि उरलेल्या निम्म्या राष्ट्रांचे खेळाडू मुखवटे चढवून ऑर्क होतात, रविवारी उलट. त्यामुळे शेकडोंच्या लढाईला शेकडोंचा शत्रू मिळतो आणि काल ज्याने आपल्याला मारले त्याच्याकडून आज मरण्याची वेळ येते. सक्तीपेक्षा परस्परांची गरज येथे अधिक काम करते.

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड येथील मंडळींनी तर प्रश्नाचे मूळच तपासले. १९९७ मध्ये ऑस्लो येथे ‘क्नुटेपुंक्ट’ ही परिषद भरली आणि तेव्हापासून ती या चार देशांत फिरत असते. काही माणसे केवळ इतरांच्या करमणुकीसाठी राबतील अशी रचना मुळात असावी का, असा प्रश्न या परंपरेत विचारला गेला. अनेक नॉर्डिक खेळांत सर्वांनाच पूर्ण पात्रे दिली जातात आणि संघर्ष त्यांच्या आपापसांतील नात्यांतून निर्माण होतो. राक्षसांची गरजच उरत नाही. अर्थात ज्यांना राक्षसांशीच लढायचे आहे त्यांना हा उपाय रुचत नाही.

फुकटचे श्रम की छंद?

येथेच या विषयातील अवघड जागा येते. दुसऱ्याच्या शिक्षणासाठी वा सरावासाठी खोटे पात्र उभे करण्याचे काम इतरत्र मोबदला देऊन करून घेतले जाते. मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे बसवली. आज अशा ‘प्रमाणित रुग्णां’ना पुष्कळ ठिकाणी मानधन मिळते. कॅलिफोर्नियातील फोर्ट अर्विन येथे अमेरिकी लष्कराने इराक युद्धाच्या काळात नकली गावे वसवली, तेव्हा त्यांतील गावकरीही पगारी होते. लार्पमधील राक्षस मात्र बिनपगारी.

सर्वजण मित्र असलेल्या मंडळात हा प्रश्न उद्भवत नाही. पण तिकीट लावून, नफ्यासाठी खेळ चालवला जात असेल तेव्हा तो टाळता येत नाही. अमेरिकेतील १९३८ च्या श्रममान कायद्यानुसार नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी व्यवसायाला सर्वसाधारणपणे विनावेतन ‘स्वयंसेवक’ राबवता येत नाहीत. खेळ चालवणारी संस्था कोणत्या स्वरूपाची आहे, हा प्रश्न त्यामुळे तेथे केवळ तात्त्विक राहत नाही. शिवाय पैसे भरलेला खेळाडू म्हणजे गिऱ्हाईक आणि एनपीसी म्हणजे नोकर, अशी भावना एकदा शिरली की तिचे परिणाम प्रत्यक्ष मैदानावर दिसतात. वार जोरात बसू लागतात, जेवणाची वेळ चुकते, रात्री दोनला ‘आणखी एक हल्ला’ मागितला जातो. स्वयंसेवक भांडत नाहीत. ते पुढच्या वेळी येत नाहीत. माणसे मिळेनाशी झाली म्हणजे खेळाचे जग ओस पडते आणि मग खेळाडूही गळू लागतात.

शरीराच्या थकव्याइतकाच मनाचाही विचार करावा लागतो. छळ करणारा तुरुंगाधिकारी, मुलीला विकणारा बाप अशा भूमिका एनपीसीच्याच वाट्याला येतात. पात्राची भावना माणसात किंवा माणसाची पात्रात झिरपण्याला या क्षेत्रात ‘ब्लीड’ म्हणतात. क्रूर भूमिका संपल्यावर समोरच्या खेळाडूने आपल्याशी नेहमीसारखे बोलावे, ही एनपीसीची साधी गरज असते आणि ती अनेकदा दुर्लक्षित राहते. नॉर्डिक खेळांतून आलेले ‘कट’ आणि ‘ब्रेक’ हे शब्द येथे उपयोगी पडतात. पहिल्याने प्रसंग तत्काळ थांबतो, दुसऱ्याने त्याची तीव्रता कमी होते. हे शब्द खेळाडूंसाठी आहेत असा समज असतो, पण ते खलनायकालाही वापरता आले पाहिजेत आणि तसे त्याला आधी सांगितले पाहिजे. नको असलेली भूमिका नाकारण्याची मुभाही हवी.

इतके असूनही लोक का जातात? मित्रांसोबत राहता येते, पुढच्या खेळात सवलत मिळते, ही कारणे आहेतच. खेळाडूला एक पात्र वर्षानुवर्षे जपावे लागते. एनपीसी मात्र सकाळी म्हातारा, दुपारी लांडगा आणि रात्री राणीचा दूत होऊ शकतो. पडद्यामागे काय चालले आहे हे त्याला कळते. शिवाय नवख्यासाठी हा सर्वांत स्वस्त प्रवेश आहे. पात्र घडवावे लागत नाही, नियमांचे पुस्तक पाठ करावे लागत नाही आणि मुखवटे-शस्त्रे बहुधा आयोजकच पुरवतात. स्वतःचे काळे कपडे, घोट्याला आधार देणारे बूट, पाण्याची बाटली आणि चष्मा असल्यास तो बांधायचा पट्टा एवढे नेले की भागते. दमा, गुडघ्याचे दुखणे, लेटेक्सची अ‍ॅलर्जी असे काही असेल तर ते सूत्रधाराला पहिल्या सूचनांच्या वेळीच सांगावे. मुखवटा चढवल्यानंतर ते कोणाला ऐकू जात नाही.