पॉलिसीची बदली

विम्याचे काम करणारा माझा भाचा परवा सांगत होता, "मामा, हल्ली एजंटच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाची पॉलिसी या खात्यातून त्या खात्यात टाकायची म्हणजे चार क्लिकचं काम." असेल बुवा. पण मी पडलो मास्तर. 'बदली' म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे आधी सामान, मग शाळेचा हजेरीपट आणि नंतर पगारातून कापला जाणारा विम्याचा हप्ता येतो. माणूस एका गावाहून दुसऱ्या गावी जातो, पण त्याचा हप्ता त्याच्या मागोमाग येतोच असे नाही.

आपल्या देशात पॉलिसींची सगळ्यात मोठी बदली झाली १९५६ साली. १९ जानेवारीला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून जाहीर केले की आयुर्विम्याचा धंदा सरकार ताब्यात घेत आहे. वटहुकूम काढून आधी फक्त व्यवस्थापन घेतले. मालकी नंतर कायदा करून घेतली. मधल्या काळात कंपनीवाल्यांना पैसे इकडचे तिकडे करता येऊ नयेत म्हणून एवढी गुप्तता. तशी वेळही आलेली होती. त्याच्या आदल्याच महिन्यात फिरोज गांधींनी लोकसभेत दालमियांच्या भारत इन्शुरन्स कंपनीतल्या पैशांचे प्रकरण बाहेर काढले होते. त्याआधीच्या दहा वर्षांत पंचवीस कंपन्या बुडाल्या होत्या. आणखी पंचवीस कंपन्यांना आपला धंदा दुसऱ्यांच्या गळ्यात घालावा लागला होता, आणि त्याची झळ बसली पॉलिसीधारकांना.

ताब्यात घेतलेल्या संस्था एकूण २४५. त्यांत १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या. मुंबईची १८७० सालची बॉम्बे म्युच्युअल त्यात होती, १८७४ ची ओरिएंटल होती, आणि आपल्या मराठी माणसांच्या जिव्हाळ्याची, चिरमुल्यांनी साताऱ्यात १९१३ मध्ये काढलेली वेस्टर्न इंडियाही होती. कुणाची वही एका पद्धतीची, कुणाची दुसऱ्या. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले ते ५ कोटींच्या भांडवलावर, ५ झोन, ३३ विभागीय कार्यालये आणि २१२ शाखा घेऊन. लाखो लोकांच्या पॉलिसी एका दिवसात दुसऱ्या मालकाच्या झाल्या. तेव्हा कॉम्प्युटर कुठला? सगळे कारकुनांच्या हातचे काम.

पॉलिसीधारकाला मात्र काही करावे लागले नाही. कायद्यातच लिहिले होते की जुना करार जसाच्या तसा महामंडळावर बंधनकारक राहील. म्हणजे साताऱ्याच्या कंपनीचा पिवळा पडलेला कागद तसाच चालणार होता. वर केंद्र सरकारची हमी. (एक खुंटी तेवढी कायद्यात ठेवलेली होती. ज्या कंपनीची आर्थिक स्थिती अगदीच ढासळलेली असेल तिच्या पॉलिसींची रक्कम महामंडळाला कमी करता येत असे. सगळेच काही गोडगोड नव्हते.)

आता आपल्या हिंगोलीकडे या. गंमत अशी की त्याच हंगामात आपली स्वतःचीच बदली झाली! तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात आणि परभणी हैदराबाद राज्यात. १ सप्टेंबरला विम्याच्या पॉलिसी महामंडळात गेल्या आणि दोन महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, आपण सगळे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. घर तेच, शेत तेच, चिठ्ठीवरचा पत्ता मात्र तीनदा बदलला. आमच्या भागातल्या माणसाला दप्तर हलण्याचे फार कौतुक नाही, त्याचे कारण हे असावे.

चिंतामणरावांचेही पाहा. १९ जानेवारीच्या त्या घोषणेच्या तीनच दिवस आधी मुंबई केंद्राकडे ठेवण्याचा निर्णय नेहरूंनी सांगितला होता. त्याच प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपद सोडले आणि जुलैत ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. महामंडळ उभे राहिले तेव्हा ते मंत्री नव्हते. ज्या माणसाने देशातल्या सगळ्या पॉलिसी एका छपराखाली आणल्या, त्याने आपल्या माणसांची मुंबई कुणाच्या खात्यात जाते यावर खुर्ची सोडली. मला हा माणूस त्यामुळे फार मोठा वाटतो.

असो. मोठ्या बदलीत माणसाला संरक्षण होते, कारण मागे कायदा उभा होता. छोट्या बदलीत ते नसे. आम्हा मास्तरांच्या पॉलिसी बहुतेक पगारबचत योजनेतल्या. शाखा दर महिन्याला नावांची यादी पगार काढणाऱ्या कार्यालयाकडे पाठवी. कार्यालय हप्ते कापून एकच चेक आणि यादी परत करी. पावती कुणाच्या हातात पडत नसे. बदली झाली की शेवटच्या वेतन प्रमाणपत्रावर कपात लिहून यायची. नव्या कार्यालयाने ती सुरू करायची आणि शाखेने पॉलिसी जुन्या कार्यालयाच्या क्रमांकावरून काढून नव्याच्या क्रमांकावर टाकायची. तीन टेबले! त्यातले एक झोपले की मध्ये खंड पडतो. माझ्या एका बदलीत असेच दोन हप्ते कापले गेले पण पोहोचले नाहीत. सहा महिन्यांनी कळले, पगाराच्या स्लिपा दाखवल्या आणि मिटले. मी जिवंत होतो म्हणून मिटले. मासिक हप्त्याला सवलतीचे दिवस फक्त पंधरा असतात. त्या मधल्या खड्ड्यात माणूस गेला तर त्याच्या बायकोने स्लिपा कुणाला दाखवायच्या?

हे नुसते भय नव्हते. दिल्लीत वीज खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या बाबतीत तसेच घडले. हप्ते वेळेवर पोहोचले नाहीत, कर्मचारी वारला आणि दावा अडला. त्याची विधवा सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. १९९९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की या योजनेत पगार कापणारे कार्यालय हप्ता गोळा करण्यापुरते महामंडळाचेच प्रतिनिधी असते, त्यामुळे त्याच्या चुकीचा भार कर्मचाऱ्याच्या घरावर टाकता येणार नाही. आम्ही तेव्हा नोकरीत होतो, पण त्या निकालाचे नाव आमच्या स्टाफरूममध्ये कुणी घेतलेले मला आठवत नाही.

महामंडळात कॉम्प्युटर १९६४ लाच आला, पण शाखेच्या टेबलापर्यंत यायला बराच काळ गेला. मुंबईच्या ७४ शाखा १९९७ मध्ये एकमेकींना जोडल्या गेल्या, तेव्हा तिथल्या लोकांना शहरातल्या कुठल्याही शाखेत हप्ता भरता येऊ लागला. आपल्याकडे तोवर फाइलच हलत होती. आरोग्यविम्यात १ ऑक्टोबर २०११ पासून कंपनी बदलली तरी आधी काढलेला थांबण्याचा काळ सोबत नेता येतो. म्हणजे पॉलिसीबरोबर तिचे वयही हलते. १९५६ चा कायदा हेच तर सांगत होता!

भाच्याला मी एवढेच विचारले, "पॉलिसी नव्या खात्यात गेली, ठीक. पण जुन्या खात्यात भरलेले आणि अजून जमा न दिसणारे पैसे कुठे दिसतात?" तो म्हणाला, "त्याची वेगळी यादी निघते मामा, पण ती कुणी काढत नाही." घरातल्या ज्यांचे हप्ते पगारातून जातात त्यांनी ही यादी वर्षातून एकदा मागावी, आणि सुनबाईंनाही पॉलिसीचा नंबर सांगून ठेवावा.