१७ ऑगस्ट की २७ डिसेंबर? इंडोनेशियाचे युद्ध आणि एका तारखेचा वाद

१/
इंडोनेशिया स्वतंत्र केव्हा झाला? जाकार्तामध्ये याचे उत्तर एकच आहे: १७ ऑगस्ट १९४५. नेदरलँड्सच्या सरकारी भूमिकेत मात्र अनेक दशके ती तारीख २७ डिसेंबर १९४९ होती. दोहोंमध्ये चार वर्षे, चार महिने आणि दहा दिवसांचे अंतर आहे. या अंतरात एक संपूर्ण युद्ध सामावले आहे.

२/
थोडी पार्श्वभूमी. १६०२ मध्ये स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी मसाल्यांच्या व्यापारातून या बेटांवर सत्ताधीश बनली. १७९९ मध्ये कंपनी संपली आणि तिची मालमत्ता डच राज्यसत्तेकडे आली. मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्य जावा बेटावर उतरले आणि अवघ्या आठवडाभरात डचांनी शरणागती पत्करली. गोऱ्या सत्तेच्या अजेयतेचा समज तिथेच संपला.

३/
जपानी अंमल क्रूर होता. सक्तीची मजुरी आणि उपासमार यांनी जावा पोखरून निघाला. मात्र याच काळात डच भाषेची जागा इंडोनेशियन भाषेने घेतली आणि ‘पेटा’ या स्वयंसेवक दलातून हजारो तरुणांना लष्करी शिक्षण मिळाले. पुढे प्रजासत्ताकाच्या सैन्याचा कणा याच तरुणांचा बनला.

४/
१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली. दोनच दिवसांनी सुकार्नो यांनी जाकार्तातील आपल्या घरासमोर, मोहम्मद हट्टा यांच्या साक्षीने, स्वातंत्र्याची घोषणा वाचली. ती केवळ दोन वाक्यांची होती. फडकलेला लाल-पांढरा ध्वज सुकार्नो यांच्या पत्नी फातमावती यांनी शिवला होता. जपानी सत्ता मावळली होती, दोस्त सैन्य अद्याप पोहोचले नव्हते. त्या पोकळीत हे राष्ट्र जन्मले.

५/
डचांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते सार्वभौमत्व अखंड डचांचेच होते आणि हे प्रजासत्ताक म्हणजे जपानने मागे सोडलेले बाहुले होते. ही भूमिका नीट ध्यानात घ्यावी. राष्ट्रच अस्तित्वात नसेल, तर त्याच्याशी युद्ध संभवत नाही. उरतो तो फक्त ‘बंदोबस्त’.

६/
पण बंदोबस्तासाठी सैन्य हवे आणि खुद्द नेदरलँड्स मे १९४५ मध्येच जर्मनांच्या ताब्यातून सुटला होता. म्हणून हे काम माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडकडे आले: जपान्यांना निःशस्त्र करणे आणि छावण्यांतील कैद्यांची सुटका करणे. या कमांडने जावात पाठवलेले बहुतांश सैनिक भारतीय होते.

७/
२५ ऑक्टोबर १९४५ रोजी ब्रिगेडियर मॅलबी यांची ४९वी भारतीय ब्रिगेड सुराबाया बंदरात उतरली. तीत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही होते. मॅलबी यांनी स्थानिक नेत्यांशी समझोता केला. मात्र २७ तारखेला वरिष्ठांच्या आदेशाने विमानांतून पत्रके पडली: शस्त्रे खाली ठेवा, अन्यथा गोळी घालू. शहर पेटले. विखुरलेल्या भारतीय तुकड्या चहूबाजूंनी वेढल्या गेल्या.

८/
सुकार्नो आणि हट्टा यांना तातडीने विमानाने आणून युद्धबंदी करवावी लागली. म्हणजे ज्यांच्या शासनाला अधिकृत मान्यता नव्हती, त्यांच्याच शब्दाने गोळीबार थांबला! पण ३० ऑक्टोबरला शहरातील ‘लाल पुला’जवळच्या गोंधळात मॅलबी मारले गेले आणि समझोत्याची वाट बंद झाली.

९/
१० नोव्हेंबरला ५व्या भारतीय डिव्हिजनने रणगाडे, विमाने आणि युद्धनौकांच्या तोफांसह हल्ला चढवला. रेडिओवरून बुंग तोमो लोकांना चेतवत होता. सुमारे तीन आठवडे गल्लीबोळांत लढाई चालली. हजारो इंडोनेशियन मृत्युमुखी पडले आणि शहर हातचे गेले. तरीही १० नोव्हेंबर हा दिवस तिथे ‘वीर दिन’ म्हणून पाळला जातो. बाहुल्यासाठी कोणी असे मरत नाही, हे जगाला त्या दिवशी कळले.

१०/
याच आठवड्यात, ५ नोव्हेंबरला, दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला सुरू झाला होता. स्वतः परतंत्र असलेला सैनिक दुसऱ्याच्या स्वातंत्र्याविरुद्ध लढत होता. काही शेकडा भारतीय सैनिक पलटण सोडून प्रजासत्ताकाला मिळाले. भारतीय सैन्याच्या या वापराचा नेहरूंनी जाहीर निषेध केला. नोव्हेंबर १९४६ अखेर ब्रिटिश-भारतीय सैन्य मायदेशी परतले.

११/
येथे एक बाजू झाकून ठेवता येणार नाही. १९४५-४६ च्या अराजकात इंडोनेशियन तरुणांच्या टोळ्यांनी हजारो डच, मिश्रवंशीय आणि चिनी नागरिकांना ठार मारले. तो काळ ‘बर्सियाप’ म्हणून ओळखला जातो. स्वातंत्र्ययुद्ध न्याय्य असले, म्हणून त्यात घडलेली प्रत्येक कृती न्याय्य ठरत नाही.

१२/
आता पंतप्रधान सुतान शहरीर यांची चाल पाहा. १९४६ मध्ये भारतात अन्नटंचाई होती. शहरीर यांनी कापड आणि इतर वस्तूंच्या बदल्यात भारताला ५ लाख टन तांदूळ देऊ केला. जावात स्वतःच चणचण असताना हा प्रस्ताव का? कारण दुसऱ्या देशाशी करार करते ते राष्ट्रच. तांदळाच्या पोत्यांतून शहरीर मान्यता मिळवू पाहत होते.

१३/
मार्च १९४७ च्या लिंगारजाती कराराने डचांनी जावा, मदुरा आणि सुमात्रा यांवरील प्रजासत्ताकाचा प्रत्यक्ष ताबा मान्य केला. चारच महिन्यांनी, २१ जुलैला, सुमारे १ लाख सैन्यानिशी त्यांनी हल्ला केला आणि त्याला नाव दिले ‘पोलिसी कारवाई’. मराठवाड्याला १९४८ च्या ‘पोलीस ॲक्शन’मुळे हा शब्दप्रयोग परिचित आहे. संदर्भ अगदी वेगळा, पण शब्दामागचा दावा तोच: हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे.

१४/
हा दावा न्यूयॉर्कजवळ भरणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ढासळला. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांनी प्रश्न तेथे नेला. बिजू पटनाईक यांनी स्वतः विमान चालवून शहरीर यांना जावाबाहेर काढले आणि ऑगस्टमध्ये शहरीर परिषदेसमोर बोलले. अंतर्गत बाबीची जागतिक बाब झाली होती.

१५/
१९ डिसेंबर १९४८. दुसरी ‘पोलिसी कारवाई’. राजधानी योग्याकार्ता पडली. सुकार्नो आणि हट्टा कैद झाले. लष्करी दृष्ट्या सारे संपले होते. पण सुमात्रात शफ्रुद्दीन प्रविरनगारा यांनी आणीबाणीचे सरकार स्थापन केले आणि सरसेनापती सुदिरमान डोंगरांत शिरले. पूर्वी शिक्षक असलेले सुदिरमान क्षयाने इतके खंगले होते, की सैनिक त्यांना डोलीतून वाहून नेत. त्याच डोलीतून त्यांनी गनिमी युद्ध चालवले.

१६/
नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई राष्ट्रांची परिषद बोलावली. १ मार्चला गनिमांनी योग्याकार्तात घुसून सुमारे सहा तास शहर ताब्यात ठेवले. लष्करी फलित शून्य, पण ‘प्रजासत्ताक संपले’ हे डच विधान जगापुढे खोटे पडले. १९४८ मध्ये मादियुनचा साम्यवादी उठाव सुकार्नो सरकारनेच मोडल्यामुळे अमेरिकेचाही कल बदलला होता. युद्धोत्तर पुनर्बांधणीसाठी नेदरलँड्सला तिचीच मदत हवी होती.

१७/
२७ डिसेंबर १९४९ रोजी सार्वभौमत्व ‘हस्तांतरित’ झाले. किंमतही मोजावी लागली: सुमारे ४.३ अब्ज गिल्डरचे कर्ज नव्या राष्ट्राच्या माथी आले आणि पश्चिम न्यू गिनी डचांकडेच राहिला. या युद्धात सुमारे १ लाख इंडोनेशियन आणि ५ हजार डच बाजूचे सैनिक मृत्यू पावले, असा अंदाज आहे. महिनाभरात, २९ जानेवारी १९५० रोजी, सुदिरमान निवर्तले. वय अवघे ३४.

१८/
तारखेचा वाद मात्र संपला नव्हता. ९ डिसेंबर १९४७ रोजी रावागेडे गावात डच सैनिकांनी पुरुषांना रांगेत उभे करून गोळ्या घातल्या होत्या. त्यांच्या विधवांना हेगच्या न्यायालयात न्याय मिळाला तो २०११ मध्ये. २०२० मध्ये डच राजाने, तर २०२२ मध्ये पंतप्रधान मार्क रुट यांनी त्या काळातील अतिरेकी हिंसेबद्दल क्षमा मागितली.

१९/
आणि जून २०२३ मध्ये रुट यांनी संसदेत सांगितले, की नेदरलँड्स १७ ऑगस्ट १९४५ हीच तारीख पूर्णपणे मान्य करतो. तब्बल ७८ वर्षे! ही तारीख मान्य करणे म्हणजे १९४७ आणि १९४८ मध्ये पोलीस नव्हे, तर एका राष्ट्राचे सैन्य दुसऱ्या राष्ट्रावर चालून गेले होते, हेही मान्य करणे.

२०/
सुराबाया गेले, योग्याकार्ता गेले, नेते कैदेत गेले. या प्रजासत्ताकाने बहुतेक मोठ्या लढाया गमावल्या. जिंकली ती एकच गोष्ट: आपण १७ ऑगस्टपासून अस्तित्वात आहोत, हे म्हणणे त्याने कधीही मागे घेतले नाही.

(समाप्त)